पायाखालची वाळू

घारीनं माझी दशमी नेली ती कामाकुराच्या पुळणीवर, भर दुपारी. जपानात येऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. लेकीनं सकाळीच बजावलं होतं, "आई, तिथे उघड्यावर खायला काढू नकोस हं, घारी झडप घालतात." मी जन्माची रत्नागिरीकर. कावळ्या-कुत्र्यांमधून मासळीची पिशवी शाबूत घरी आणलेली बाई. मला जपानी घारीचं काय कौतुक! डबा उघडला, दशमीवर लसणीची चटणी पसरली, घास तोंडाशी नेते तोच मागून कानापाशी वारा फडफडला, बोटांना काहीतरी खरखरीत घासून गेलं आणि हातात उरला तो नुसता चटणीचा डाग. घार वर चढली, आमच्याच डोक्यावर एक गिरकी घेतली आणि डोंगराकडे निघून गेली. शेजारी चटईवर बसलेल्या आजीबाईंनी दोन्ही हात तोंडावर नेऊन माझ्याकडे असं पाहिलं, जणू घार त्यांच्याच घरची. मग हळूच माझ्या मागे बोट दाखवलं. तिथे पाटी होती. पाटीवर घारीचं चित्र आणि तिच्या पंजात कुणाचा तरी खाऊ. अक्षर वाचता येत नसलं तरी कळायला काही अडत नव्हतं.

लेक हसून बेजार. "त्या चटणीनं तिची काय अवस्था झाली असेल गं," एवढंच ती म्हणत राहिली.

लेक-जावई तोक्योच्या निशी-कासाई भागात राहतात. तिथे आपली माणसं इतकी, की संध्याकाळी जिन्यात कुठल्या ना कुठल्या मजल्यावरून मोहरीच्या फोडणीचा वास येतोच. मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून दोघांचा धोशा होता, ये म्हणून. जावयांनी विचारलं, "आई, काय काय बघायचंय?" क्योतोची देवळं, फुजी, बुलेट ट्रेन अशी यादी त्यांनी मनात करून ठेवली असणार. मी म्हटलं, समुद्र. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. पण लग्न होऊन सांगलीला आले त्याला अडतीस वर्षं झाली. कृष्णेला पूर येतो, भरती-ओहोटी येत नाही.

जुलै महिना होता. आमच्या लहानपणी हे दिवस समुद्राकडे पाठ करून बसायचे. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, जाळी माळ्यावर, आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय दर्यात कुणी होडी लोटायची नाही. इथे नेमकी उलटी तऱ्हा. जुलै उजाडला की समुद्र उघडतो. तसा शब्दच आहे, 'उमी-बिराकी', म्हणजे समुद्र उघडणं. शिंतो पुजारी पुळणीवर येऊन पूजा मांडतो, हंगामात कुणाचा जीव पाण्यात जाऊ नये म्हणून मागणं मागतो, आणि मग लोक पोहायला उतरतात. ऑगस्ट सरता सरता समुद्र बंद. पाणी तेच असतं, सप्टेंबरात ऊनही काही कमी झालेलं नसतं, पण जीवरक्षक आपल्या खुर्च्या उचलतात आणि लोकही ते निमूट मानतात. जुलैतला तिसरा सोमवार तर समुद्राच्या नावाची सरकारी सुट्टी. १९९६ साली ही सुट्टी सुरू झाली. तेव्हा ती २० जुलैला असायची, पुढे सोमवारवर आणून ठेवली. बँकेत इतकी वर्षं सुट्ट्यांच्या याद्या भिंतीवर लावल्या, पण समुद्रासाठी सुट्टी हे मला सुचलं नसतं.

उघडलेल्या समुद्राला घरंही लागतात. 'उमी नो इए', समुद्राचं घर. खांब, फळ्या आणि वर छप्पर, थेट जत्रेतल्या हॉटेलासारखं. आत कपडे बदलायला आडोसा, अंगावरचं खारं पाणी धुवायला शॉवर, बसायला चटया, खायला तव्यावर परतलेल्या नूडल्स. आणि दारात एक निशाण, निळ्या लाटांवर 'बर्फ' असं लाल अक्षर. ते दिसलं की समजायचं, इथे काकिगोरी मिळते. म्हणजे किसलेला बर्फ, वर रंगीत सरबत. गोळाच, पण काडीवर नाही, वाडग्यात डोंगर करून. मी कालाखट्टा आहे का ते शोधलं. नव्हता. हंगाम संपला की ही घरं फळी-फळी करून उतरवतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उभी करतात.

या मौजेला फार वर्षंही झालेली नाहीत. कामाकुराच्या पश्चिमेला ओइसो नावाचं गाव आहे. तिथे १८८५ साली मात्सुमोतो जुन या लष्करातल्या नामांकित डॉक्टरानं लोकांना समुद्रात उतरवलं ते औषध म्हणून. पोहायचं नाही, खेळायचं नाही. पाण्यात रोवलेल्या लोखंडी दांड्याला धरून उभं राहायचं आणि लाटांचा मारा अंगावर घ्यायचा. दिवसातून अमुक वेळा, अमुक मिनिटं. मला ते चित्र डोळ्यांपुढे आणून हसू येतं. दांड्याला घट्ट धरलेले भारदस्त गृहस्थ, आणि काठावर घड्याळ घेऊन डॉक्टर. दोनच वर्षांत ओइसोपर्यंत रेल्वे आली आणि औषधाची सहल झाली. पुढे १९१४ साली नात्सुमे सोसेकीनं 'कोकोरो' कादंबरी लिहिली, तिचा नायक आपल्या 'सेन्सेइं'ना पहिल्यांदा भेटतो तो याच कामाकुराच्या गर्दीच्या पुळणीवर. तीस वर्षांत समुद्रस्नान कादंबरीच्या पहिल्या पानावर येण्याइतकं अंगवळणी पडलं होतं.

कामाकुराची वाळू काळपट आहे, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. सहलींच्या जाहिरातीत समुद्र म्हटला की वाळू पांढरीच असते. आमच्या रत्नागिरीत दोन समुद्र आहेत, मांडवीकडचा काळा आणि मिऱ्याकडचा पांढरा. वाळूच्या रंगावरूनच ही नावं. काळ्या समुद्रावर वाढलेल्या मला इथे माहेरी आल्यासारखं वाटलं. इनामुरागासाकी नावाच्या टेकाडाखाली तर ती जास्तच काळी. तिथे खडकावर टेकले, पर्स वाळूत ठेवली आणि उचलली, तर तिच्या चुंबकाच्या बटणाला दाढीच्या खुंटासारखे काळे कण उभे राहिलेले. लोखंडाची वाळू. बोटानं पुसायला जावं तर पुसली जाईना, नुसती इकडची तिकडे सरकायची. मुंग्यांची रांग मोडली की मुंग्या कशा पुन्हा जुळतात, तशी. ती पर्स अजून माझ्याकडे आहे आणि तिच्या बटणाच्या खाचेत कामाकुराचे चार कण अजून आहेत.

याच टेकाडाखालची एक गोष्ट सांगतात. १३३३ साली नित्ता योशिसादा नावाचा सरदार कामाकुरावर चालून आला. गावाला तीन बाजूंनी डोंगर, चौथ्या बाजूला समुद्र, आणि डोंगरातल्या खिंडी शत्रूनं रोखलेल्या. तेव्हा त्यानं इथे उभं राहून आपली तलवार समुद्रदेवाला अर्पण केली. पाणी मागे हटलं, आणि उघड्या पडलेल्या वाळूवरून फौज आत शिरली. कामाकुराची सत्ता त्या वर्षी बुडाली, हा इतिहास. तलवारीचं ज्याचं त्यानं ठरवावं. मी लेकीला म्हटलं, "म्हणजे आपला परशुरामच की." तो बाण मारून समुद्र हटवणारा, हा तलवार टाकणारा. ती म्हणाली, "आई, ओहोटी होती गं." असेल. पण ओहोटीची वेळ साधून तलवार टाकायलाही अक्कल लागते.

त्याच्याआधी शंभरेक वर्षं, याच पुळणीवर सानेतोमो नावाच्या तरुण शोगुनानं चीनला जायचं म्हणून एका चिनी कारागिराकडून मोठं जहाज बांधवून घेतलं. १२१७ साली जहाज तयार झालं. शेकडो माणसांनी दोर लावून ते ओढलं, पण उथळ पाण्यात ते काही तरंगेना. वाळूत रुतलं ते रुतलंच, आणि तिथेच कुजलं. सानेतोमो कवी होता. दोन वर्षांनी त्याचा खून झाला. कामाकुरात लोक कांस्याच्या प्रचंड बुद्धाला बघायला येतात, मीही गेले, हात जोडले. पण माझ्या मनात राहिला तो हा पोरगा, रोज सकाळी न हललेल्या जहाजाकडे बघणारा.

चीनची जहाजं मात्र इकडे येत होती. पूर्वेच्या झाइमोकुझा पुळणीवर ओहोटीला दगडांचा एक लांबट ढीग उघडा पडतो, ते १२३२ सालचं बंदर. त्या जहाजांतून आलेल्या भांड्यांचे तुकडे अजून वाळूत सापडतात. मला एक सापडला. अंगठ्याच्या नखाएवढा, कडा लाटांनी गोल झालेल्या, रंग कच्च्या कैरीच्या सालीवर पांढुरकी साय धरावी तसा. उन्हात तिरपा धरला तर चकाकीखाली बारीक भेगांचं जाळं दिसत होतं. तो खरंच आठशे वर्षांपूर्वीचा होता की गेल्या साली कुणाच्या हातून फुटलेल्या वाडग्याचा, हे सांगणारी मी कोण! होता तिथेच ठेवला.

एनोशिमाला जाताना हिरवी-पिवळी छोटी गाडी आहे, एनोदेन. सगळा मार्ग दहा किलोमीटरचा आणि स्टेशनं पंधरा. घरांच्या परसातून, वाळत घातलेल्या कपड्यांना चुकवत जाते आणि एकदम समुद्र समोर येतो. एनोशिमा बेटावर बेन्झाइतेन राहते. बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती. बौद्ध ग्रंथांचं बोट धरून चीनमार्गे इथवर आलेली. हातात वीणेऐवजी बिवा नावाचं तंतुवाद्य. हंस नाही, जवळ नाग नि ड्रॅगन. आपण सरस्वतीला पाटीवर काढतो, दसऱ्याला पुस्तकांशेजारी बसवतो, आणि ती मुळात नदी होती हे विसरून जातो. जपानी माणूस ते विसरलेला नाही. तो तिला बेटावर, तळ्याकाठी, पाण्याच्या सोबतीनंच ठेवतो. मी गाभाऱ्यासमोर उभी राहून नकळत शाळेतली प्रार्थना पुटपुटले. शेजारची मुलगी टाळ्या वाजवून नमस्कार करत होती. देवीला दोन्ही पोचलं असावं.

बेटाखाली शिरासू-भात खाल्ला. पांढरी, डोळ्यांच्या जागी काळा ठिपका असलेली दोऱ्याएवढी मासळी, गरम भातावर ढीग करून. लांबून जवळा वाटतो, पण तो जवळा नव्हे, तारलीच्या कुळातली पिल्लं. चव मऊ, फिकी. मला कांदा-कोकम घालून परतावीशी वाटली.

कामाकुरात आणखी एक गोष्ट बघितली, तेव्हा तिच्याकडे फार लक्ष दिलं नाही. विजेच्या खांबांवर पट्ट्या होत्या: इथली जमीन समुद्रसपाटीपासून इतकी उंच. आणि पुळणीवर जीवरक्षकाच्या खुर्चीजवळ एक चित्र, लाल-पांढऱ्या चौकड्यांच्या निशाणाचं. हे निशाण फडकलं की त्सुनामी येतेय, पाणी सोडून पळा. भोंगा ऐकू न येणाऱ्यांसाठी ही सोय २०२० पासून केली आहे. पोरं त्याच्याखाली डोळ्यांना पट्टी बांधून काठीनं कलिंगड फोडायचा खेळ खेळत होती.

जुलैअखेर आम्ही क्योतोला गेलो, पण देवळांसाठी थांबलो नाही. गाडी बदलून उत्तरेकडे, जपानच्या पाठीमागच्या समुद्राकडे. वाटेत आमानोहाशिदाते लागलं. खाडीच्या या काठापासून त्या काठापर्यंत साडेतीन किलोमीटरचा वाळूचा पट्टा, वर पाइनचं बन. डोंगरावर जाऊन, पाठ करून, वाकून दोन पायांमधून बघायचं, म्हणजे तो पट्टा आकाशात टांगलेल्या पुलासारखा दिसतो. जपानमधल्या तीन सर्वांत सुंदर देखाव्यांत याची शेकडो वर्षं गणना होते. माझ्या गुडघ्यांनी नकार दिला. लेकीनं वाकून पाहिलं, "झकास" म्हणाली. मला सरळ उभ्यानं दिसलं ते वेगळंच: पट्ट्याची बाहेरची कड करवतीच्या दात्यांसारखी. धुपून जाणारी वाळू अडवायला छोटे बांध घातलेत आणि नवी वाळू भरत राहतात. देवांनी बांधलेल्या पुलाला माणसांचं ठिगळकाम लागतं.

आणि मग कोतोहिकीहामा. ज्या पुळणीसाठी मी जपानला आले असं आता म्हणते, तिचं नावही तोवर मला माहीत नव्हतं. कोतो हे जपानी तंतुवाद्य. नावाचा अर्थ, जिथे कोतो वाजते ती पुळण. लेकीनं सांगितलं, "चप्पल काढ आणि पाय घासत चाल." कोरड्या वाळूत पाय घासला. काही नाही. दुसरा घासला, जरा जोरानं, आणि खालून आवाज आला. करकर! नवी कोल्हापुरी वहाण पहिल्या आठवड्यात कशी करकरते, अगदी तसा. मी थबकले. पुन्हा घासला, पुन्हा करकर. मग काय, साठीची बाई त्या पुळणीवर पाय घाशीत अर्धा तास फिरत होती. वाळूत हाताची पाचही बोटं खुपसून झटकन ओढली तर आवाज बारीक, तळव्यानं दाबली तर जाड. पाण्याच्या कडेची ओली वाळू मुकी. माणसांच्या पायवाटेची वाळूही जवळजवळ मुकीच.

रात्री घरगुती खानावळवजा मुक्कामाच्या जागी, माकूळ भाजता भाजता मालकीणबाईंनी त्याचं कारण सांगितलं. आवाज काढते ती गारगोटीची, म्हणजे क्वार्ट्झची वाळू. कण सारखे असावे लागतात, कोरडे असावे लागतात आणि मुख्य म्हणजे स्वच्छ. कणावर धुळीचा, तेलाचा, राखेचा नुसता हात फिरला तरी कण एकमेकांवर घासण्याऐवजी घसरतात आणि वाळू गप्प होते. हिवाळ्यातल्या लाटा ती दरवर्षी धुऊन देतात. बाकीचं गावानं करायचं. म्हणून इथे पुळणीवर सिगारेट ओढायची नाही, चूल पेटवायची नाही, फटाके उडवायचे नाहीत. हा नियम गावानं २००१ साली स्वतःवर घालून घेतला. उन्हाळ्यात पुळणीवर अनवाणी गाण्याचा जलसा होतो. तिकीट म्हणून प्रत्येकानं वेचलेला कचरा द्यायचा.

या वाळूचा अभ्यास करणारा मोठा माणूस म्हणजे दोशिशा विद्यापीठातले प्राध्यापक मिवा शिगेओ. त्यांचा विषय पीठ, भुकटी, चूर्ण, आणि त्यांनी आयुष्याचा दुसरा मोठा भाग घालवला तो दगडी जात्यांवर. मला हे ऐकून फार बरं वाटलं. जातं ओढणाऱ्या माझ्या आजीला कणांचं कणांवर घासणं हाताला कळत होतं. नाचणी ओली आहे की वाळली ते ती आवाजावरून सांगायची. तिला कुणी प्राध्यापक म्हटलं नाही, एवढंच. शिमाने प्रांतात निमा नावाच्या गावी अशीच गाणारी पुळण आहे आणि तिथल्या संग्रहालयात एक टन वाळूचं घड्याळ आहे. वर्षभर वाळू झरते आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री माणसं दोर ओढून ते उलटं करतात. तिथे जाता आलं नाही. आमच्या सुट्ट्यांची वाळू त्याआधीच संपत होती.

मग मालकीणबाईंनी १९९७ ची गोष्ट सांगितली. २ जानेवारीला 'नाखोदका' नावाचं रशियन तेलवाहू जहाज या समुद्रात वादळात दुभंगलं. काही दिवसांनी काळं, जड तेल किनाऱ्याला लागलं. "कसं होतं?" मी विचारलं. त्यांनी हातातली पळी वर धरून सावकाश तिरकी केली, घट्ट काहीतरी ओघळावं तशी. मला काकवी दिसली. कडाक्याची थंडी, बर्फ, आणि गावातली माणसं, शाळेची मुलं, कुठून कुठून आलेले अनोळखी लोक ओळीत उभे राहून पळ्यांनी, डावांनी तेल उचलून बादल्यांत भरत होते. दगड एकेक पुसले. वाळू हातानं निवडली, चाळली. "हातमोज्यांच्या आत बोटं मेल्यासारखी व्हायची," त्या म्हणाल्या. "आणि वाळू?" "गप्प."

वाळू रगडून तेल काढण्याचा दाखला आपल्याकडे शाळेपासून ऐकवतात, अशक्य कोटीतली गोष्ट म्हणून. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी भेटलं, ज्यांनी ते खरंच केलं होतं. त्यांना हे कसं सांगावं मला कळेना. लेकीनं भाषांतर केलं, पण दाखल्याची गंमत काही पोचली नाही. त्या नुसत्या हसल्या आणि माझ्या ताटलीत माकूळचा आणखी एक तुकडा वाढला. निघताना सांगितलं, ओबोन होऊन गेलं की पाण्यात उतरू नका. एक तर जेलीफिश येतात. आणि ऑगस्टच्या मध्यात पितर घरी येऊन परत जात असतात. त्यांच्या वाटेत जाऊ नये, पाय धरून ओढतात.

परतीच्या वाटेत शिराहामा करायचं जावयांनी ठरवलं होतं. नावच 'पांढरी पुळण', आणि आहेही पांढरीशुभ्र, डोळे दिपतील अशी. हॉटेलं, तरंगणारी रबरी बदकं, गर्दी. मग कळलं, मूळची वाळू धुपत गेल्यामुळे १९८९ पासून कितीतरी वर्षं इथे ऑस्ट्रेलियातून जहाजानं वाळू आणून ओतली. आधी मला हसू आलं. मियाझाकीत तर या लोकांनी खऱ्या समुद्राला लागूनच छपराखाली खोटा समुद्र केला होता, १९९३ साली. लाटा, पुळण, सगळं. २००७ मध्ये तो बंद पडला. पण हसू फार टिकलं नाही. सांगलीत वाळू म्हटलं की रात्री दिवे विझवून जाणारे डंपर आठवतात. आम्ही नदीची वाळू विकून खाल्ली, हे विकत आणून समुद्राला घालतात; यात वेडं कोण, ते आपलं आपण ठरवलेलं बरं.

ओकिनावाला जायचं राहिलं. ते सांगावं लागतं, कारण सगळे विचारतात. तिथलं निळं-हिरवं पाणी, मियाको बेटावरची सात किलोमीटरची माएहामा पुळण, सगळं जावयांच्या फोनवर पाहिलं. त्यांच्या ऑफिसातल्या एका मित्रानं तिकडची चांदणीवाळू दिली, करंगळीएवढ्या काचेच्या कुपीत. भिंगाखाली धरली तर प्रत्येक कणाला पाच-सहा टोकं. ही वाळू म्हणजे दगड नाहीच. एकपेशीय जीवांची घरटी आहेत, जीव मेल्यावर उरलेली. मी कुपी हलवली. दवाखान्यातल्या गोळ्यांसारखा सुका खुळखुळ आवाज आला.

शेवटचा प्रवास माझ्या हट्टाचा. कामाकुरातलं ते चौकड्यांचं निशाण डोक्यातून जाईना. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लेक आणि मी उत्तरेला रिकुझेनताकाताला गेलो. शेवटच्या टप्प्यात रेल्वे नाही. २०११ च्या ११ मार्चला त्सुनामीत रूळ वाहून गेले, त्याच जागी आता बसचा रस्ता आहे. स्टेशनात उभं राहायचं आणि समोर बस येते. इथे दोन किलोमीटरची ताकाता-मात्सुबारा पुळण होती. सतराव्या शतकापासून लोकांनी लावत आणलेली सत्तर हजार पाइनची झाडं. त्सुनामी ओसरली तेव्हा त्यातलं एक उभं होतं. गावातली सतराशेहून जास्त माणसं गेली. ते एक झाडही मिठानं वर्षभरात मेलं. मग ते कापलं, आतून सांगाडा घातला आणि २०१३ साली पुन्हा होतं तिथे उभं केलं. सत्तावीस मीटर उंच, वर थोडा शेंडा. मेलेल्या झाडाला टेकू देऊन उभं करणं मला पटेल असं वाटलं नव्हतं. खाली उभी राहिले, आणि मान वर केल्यावर पटण्या-न पटण्याचं काही सुचलं नाही.

बसथांब्याजवळच्या दुकानात शीतपेय घ्यायला गेलो, तर गल्ल्यावर एक काकडी आणि एक वांगं ठेवलेलं, दोन्हींना काड्यांचे चार-चार पाय. लेक म्हणाली, ओबोनचं आहे. काकडी घोडा, म्हणजे पितरांनी लवकर यावं. वांगं बैल, जाताना सावकाश जावं. दुकानदार बाईंनी आम्ही बघतोय हे पाहिलं आणि वांग्याचा वाकडा पाय नीट केला.

समुद्र दिसत नव्हता. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये साडेबारा मीटरची भिंत आहे. पायऱ्या चढायला लागले, मध्ये दोनदा दम खाल्ला, आणि वर पोचल्याबरोबर एकदम वारा, आवाज, सगळं एकत्र अंगावर आलं. खाली पुळण होती. जवळजवळ सगळी वाहून गेलेली वाळू पुन्हा घातली आहे, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात इथला समुद्र अकरा वर्षांनी उघडला. भिंतीच्या पायथ्याशी नव्या पाइनच्या रांगा, माझ्या उंचीच्या आसपास, काठ्यांना बांधलेल्या. पाण्यात दहा-पंधरा माणसं. जीवरक्षकाच्या खुर्चीला निशाण गुंडाळून टेकवून ठेवलेलं, त्याची लाल कड बाहेर आलेली. एक आजी नातवाच्या हातावर रबरी बाही फुगवून चढवत होत्या आणि मध्येमध्ये मान वळवून पायऱ्यांकडे बघत होत्या, कितव्या पायरीवर उन्हाची रेघ आहे ते बघावं तशा.

मी पाय घासून पाहिला. वाळू बोलली नाही. जाडसर, नवी वाळू. अजून तिचे कण एकमेकांना रुळायचे होते.

लेक पाण्यात शिरली. "आई, ये ना, गुडघ्याएवढंच आहे!" मी चपला हातात घेतल्या, साडी वर खोचली आणि लाटेच्या रेघेवर जाऊन उभी राहिले. पाणी अपेक्षेपेक्षा गार. लाट आली, घोट्यांना वळसा घालून मागे निघाली, आणि जाता जाता दोन्ही टाचांखालची वाळू काढून घेऊ लागली, मांडवीला घ्यायची तशीच, गुदगुल्या करत. मी दोन पावलं मागे सरले आणि वळून पायऱ्या कुठे आहेत ते पाहून घेतलं.